फ्रीजबाहेर राहिलेला रंगीत कागद

शाळेचं जुनं कपाट आवरताना एका शिक्षकांना रंगीत फोटो छापण्याच्या कागदाचं एक न फोडलेलं पाकीट सापडलं. शाळेत पूर्वी छायाचित्रणाचं मंडळ होतं, छोटीशी डार्करूमही होती. पुढे मंडळ बंद पडलं, डार्करूममध्ये खेळाचं सामान आलं. पाकीट मात्र पंचवीस उन्हाळे त्याच कपाटात राहिलं. ‘हा कागद अजून चालेल का?’ असं त्यांनी मला विचारलं. थोडक्यात सांगायचं तर, त्यावर चित्र उमटेल, पण खरे रंग उमटणार नाहीत. हे असं का, हे समजून घ्यायला मात्र शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीलाच एक कोडं समोर येतं. ॲलिसन रॉसिटर ही अमेरिकन कलावंत २००७ सालापासून मुदत उलटून गेलेले कृष्णधवल फोटो-कागद जमवते. त्यातले काही शंभर वर्षांहूनही जुने आहेत. ती त्यांच्यावर कॅमेऱ्याने किंवा एन्लार्जरने काहीच छापत नाही, नुसतेच डेव्हलपरमध्ये बुडवते. कडेने शिरलेला उजेड, पाण्याची ओल, कधीकाळी कुणाचं तरी लागलेलं बोट, असं सगळं त्या कागदांवर काळ्या-करड्या छटांत उमटतं. म्हणजे शंभर वर्षांनंतरही हे कागद काम करतात! मग पंचवीस वर्षांचा रंगीत कागद का बिघडावा?

त्यासाठी कागदावर नक्की काय असतं ते पाहू. फोटोचा कागद, मग तो कृष्णधवल असो की रंगीत, जिलेटिनच्या थरात विखुरलेल्या चांदीच्या क्षारांच्या कणांवर चालतो. हे क्षार म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड किंवा सिल्व्हर क्लोराइड. कणावर उजेड पडला की त्यात चांदीच्या मोजक्या अणूंचा एक बारीकसा पुंजका तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. तो कसा तयार होतो याचा उलगडा रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ साली केला. पुढे डेव्हलपर हा पुंजका हुडकतो आणि तिथून सुरुवात करून अख्ख्या कणाची काळी चांदी करून टाकतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुंजका नसलेला कणही डेव्हलपरमध्ये कायमचा सुरक्षित नसतो. पुरेसा वेळ दिला तर तोही काळा होतो. फोटोग्राफी शक्य होते ती दोन क्रियांच्या वेगात मोठा फरक असतो म्हणून. उजेड न लागलेल्या कणांनीही काळं व्हायला सुरुवात केली की कागदावर एकसारखी झाक चढते. तिला डार्करूमच्या भाषेत ‘फॉग’ म्हणतात. कागद जुना होतो म्हणजे मुख्यतः हेच होतं. अंधारात ठेवलेल्या कणांवरही आपोआप पुंजके तयार होत जातात, आणि डेव्हलपरला खरा-खोटा पुंजका ओळखता येत नाही.

हे आपोआप होणं टाळता येत नाही का? याचं उत्तर मोहरीच्या एका गमतीदार गोष्टीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिल्म बनवणाऱ्या कारखान्यांना एक अनुभव वारंवार यायचा. कृती तीच, रसायनं तीच, पण जिलेटिनचा एक घाणा उत्तम फिल्म देई आणि दुसरा अगदी मंद. जिलेटिन येतं जनावरांच्या कातड्यांपासून आणि हाडांपासून. कोडॅकमधल्या सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ साली याचं कारण शोधून काढलं. चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाच्या एका संयुगाचा अंश होता, आणि तो आला होता गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गातल्या वनस्पतींमधून. या गंधकामुळे कणांवर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार होतात आणि कण उजेडाला कितीतरी जास्त संवेदनक्षम बनतो. पण हीच क्रिया थोडी पुढे गेली की तो ठिपकाच डेव्हलपरला पुंजक्यासारखा वाटू लागतो. संवेदनक्षमता आणि फॉग ही अशी एकाच वाटेवरची दोन ठिकाणं आहेत. कारखाना क्रिया योग्य जागी थांबवतो, पण पूर्ण बंद करू शकत नाही. कपाटातल्या बंद पाकिटात ती हळूहळू चालूच असते. तिला आवर घालणारं एक स्थिरक १९३५ साली जर्मनीत आग्फाच्या संशोधकांनी शोधलं. त्या कुळातली संयुगं नंतर जवळजवळ सर्वत्र वापरली गेली. त्यामुळे क्रिया मंदावते, इतकंच.

वरच्या कोड्याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. शंभर वर्षांपूर्वीचे बरेचसे कागद अतिशय मंद होते. त्यांना मुळात कड्याच्या टोकापर्यंत नेलेलंच नव्हतं. रंगीत कागदाला मात्र दाट नारिंगी निगेटिव्हमधून आलेल्या थोडक्या उजेडात काही सेकंदांत काम उरकायचं असतं. तो टोकावरच उभा असतो.

उरलेलं निम्मं उत्तर रंगांच्या इतिहासात आहे.

रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९११-१२ च्या सुमारास एक फार सुंदर कल्पना मांडली. डेव्हलपर चांदीच्या क्षाराचं क्षपण करतो तेव्हा तो स्वतः ऑक्सिडीकृत होतो. हा ऑक्सिडीकृत डेव्हलपर एरवी वाया जातो. त्याची गाठ दुसऱ्या एखाद्या योग्य रेणूशी घालून दिली, तर दोघांचा मिळून रंग तयार होईल. या दुसऱ्या रेणूला ‘कपलर’ म्हणतात. जिथे चांदी तिथे रंग, जितकी चांदी तितका रंग. शेवटी चांदी धुऊन काढली की निव्वळ रंगाचं चित्र उरतं. निळ्या, हिरव्या आणि तांबड्या उजेडाची नोंद घेणारे तीन थर एकावर एक द्यायचे आणि त्यांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर हिरवा रंग देणारे कपलर घालायचे. आज ज्याला आपण डार्करूमचा रंगीत कागद म्हणतो त्याचा सगळा आराखडा यात आला.

कागदावर उतरलेला हा आराखडा प्रत्यक्षात यायला मात्र दोन तपं लागली. अडचण साधी होती. कपलरचे रेणू जिलेटिनमध्ये जागेवर राहत नसत, शेजारच्या थरांत भटकत, आणि सगळ्या रंगांचा चिखल होई. या अडचणीतून वाट काढण्याचे तीन मार्ग निघाले. लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे मुळात संगीतकार. त्यांनी कपलर फिल्ममध्ये घातलेच नाहीत, धुण्याच्या द्रावणात घातले. ती १९३५ ची कोडाक्रोम. धुण्याची कृती मात्र इतकी किचकट की ती कारखान्यातच व्हायची. दुसरा मार्ग १९३६ साली वोल्फेन इथल्या आग्फाच्या कारखान्यात निघाला. (क्लिक थ्री कॅमेरा ज्यांच्या घरी होता त्यांना हे नाव ओळखीचं असेल.) त्यांनी कपलरला कर्बाच्या अणूंची एक लांबलचक शेपटी जोडली. शेपटी जिलेटिनमध्ये अडकून बसे आणि कपलर जागचा हलत नसे. तिसरा मार्ग कोडॅकचा, १९४२ चा. कपलर तेलकट द्रवात विरघळवायचे आणि दुधातल्या स्निग्धांशाप्रमाणे त्याचे बारीक थेंब थरात पसरून ठेवायचे. पुढे हाच मार्ग रूढ झाला.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात कपलरला बांधून ठेवण्याचं जेवढं कौतुक होतं, तेवढं त्याच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष दिलं जात नाही. आता एकाच पातळ लेपात तीन प्रकारचे संवेदनक्षम कण, तीन प्रकारचे कपलर, कणांना हिरवा आणि तांबडा उजेड ‘दाखवणारी’ रंजकद्रव्यं, स्थिरकं, असे सगळे शेजारी शेजारी राहू लागले. यातल्या अनेकांना एकमेकांशी क्रिया करण्याची उत्सुकता असते. शिवाय प्रत्येक थराची कृती वेगळी, म्हणून प्रत्येक थर म्हातारा होण्याचा वेगही वेगळा.

कोडॅकचा हा रंगीत कागद सुरुवातीची काही वर्षं ग्राहकाच्या कपाटापर्यंत पोचलाच नाही. फिल्मच्या किमतीतच धुण्या-छापण्याचे पैसे धरलेले असत. ग्राहक रोल कोडॅककडे पाठवी आणि छापलेले फोटो परत येत. अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली केलेल्या कारवाईत १९५४ साली समझोता झाला आणि कोडॅकला ही बांधणी सोडावी लागली. लगेच पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, ‘टाइप सी’ हा रंगीत कागद विक्रीला आला. (कलादालनांत आजही अशा रंगीत फोटोंना ‘सी-प्रिंट’ म्हणतात, ते यावरून.) माझ्या मते कागदाच्या म्हातारपणाचा प्रश्न सर्वसामान्यांचा झाला तो इथून. कारखान्याच्या थंड कोठारातून निघालेला कागद आता जहाजात, गोदामात, दुकानाच्या फळीवर आणि हौशी माणसाच्या घरात मुक्काम करू लागला. पुढे कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिलीनचा लेप मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर भरपूर सिल्व्हर क्लोराइड असलेले कागद आणि त्यांच्याबरोबर ‘आरए-४’ ही कृती आली. जुन्या पद्धतीत डेव्हलपिंगला साडेतीन मिनिटं लागत, ते काम आता पाऊण मिनिटात होऊ लागलं. आपल्या शहरांत त्याच काळात उघडलेल्या, तासाभरात फोटो देणाऱ्या कलर लॅब याच वाटेवरच्या.

आता जुन्या पाकिटाच्या आत काय घडतं ते बघू. कृष्णधवल कागदात एकच घड्याळ चालतं, रंगीत कागदात तीन. फॉग वाढतो, संवेदनक्षमता घटते आणि गडद-फिक्यातला फरक कमी होतो, पण तिन्ही थरांत सारख्या वेगाने नाही. निळ्या उजेडाची नोंद घेणारा थर कागदात सर्वांत खाली असतो. एन्लार्जरच्या दिव्यात निळा प्रकाश मुळात कमी, त्यात नारिंगी निगेटिव्ह तो आणखी अडवते. म्हणून या थरातले कण मोठे आणि सर्वांत तल्लख ठेवावे लागतात. साहजिकच फॉग बहुधा तिथे आधी चढतो. त्या थराचा रंग पिवळा, त्यामुळे जुन्या कागदाची पांढरी कड मळकट पिवळी निघते. हिरव्या-तांबड्या थरांची दुखणी वेगळी. तिथे कणांना चिकटलेली रंजकद्रव्यं उष्णतेने आणि दमटपणाने सुटू लागतात आणि त्या थरांची नजर अधू होते.

डार्करूममध्ये काम केलेले लोक म्हणतील, त्यात काय, फिल्टर बदलू. हे अर्धंच खरं आहे. एक थर दुसऱ्यापेक्षा मंद झाला असेल तर पिवळ्या-किरमिजी फिल्टरांचं प्रमाण बदलून तोल सावरता येतो. पण फॉग उजेडामुळे आलेलाच नसतो, मग उजेड गाळून तो जाईल कसा? फोटोतला पांढरा सदरा पिवळाच राहणार. दुसरं असं की तिन्ही थरांतला गडद-फिक्याचा फरक वेगवेगळा कमी झाला असेल, तर चेहऱ्याचा उजळ भाग नीट जमवावा तोवर सावल्या हिरव्या होतात, आणि सावल्या जमवाव्यात तर चेहरा किरमिजी. याला फिल्टरात उपाय नाही. कृष्णधवल कागदावरचा फॉग करडा असतो आणि करड्या रंगाशी डोळा जुळवून घेतो. रंगीत कागदावर मात्र तीन घड्याळांतलं अंतर डोळ्याला लगेच खुपतं. कोड्याचं उरलेलं उत्तर ते हेच.

आणि ही तिन्ही घड्याळं पळवतं तापमान. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली रासायनिक क्रियेचा वेग आणि तापमान यांचा संबंध मांडला. शाळेत आपण त्याचं ढोबळ रूप सांगतो: तापमान १० अंशांनी वाढलं की वेग सुमारे दुप्पट. कागद बनवणारे सांगत, न फोडलेलं पाकीट १३ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवा. अमेरिकन मापात हे ५५ अंश फॅरनहाइट. रॉचेस्टरसारख्या थंड गावात वर्षातला बराच काळ एवढं तापमान तळघरातही मिळतं. आपल्याकडे त्यासाठी फ्रीजच हवा. भारत सरकारच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स कंपनीसाठी १९६० च्या दशकात उटीची निवड झाली, ती तिथली थंड आणि धूळविरहित हवा पाहून. सुमारे २२०० मीटर उंचीवरच्या त्या गावात बाहेरची हवाच कोठारासारखी. ‘इंदू’ नावाचे तिथले कागद आणि फिल्म अनेकांनी वापरले असतील. कारखाना आता बंद झाला आहे. पण तिथून निघालेला माल शेवटी उतरणार नागपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यातच!

वर्गात करून पाहण्यासारखं एक गणित देतो. कपाटातलं वर्षाचं सरासरी तापमान २८ अंश धरा, फ्रीजमधलं ४ अंश. फरक २४ अंशांचा. दर १० अंशांना दुप्पट या हिशेबाने कपाटातला वेग फ्रीजच्या सव्वापाच पट होतो. म्हणजे कपाटातली २५ वर्षं ही फ्रीजमधल्या सुमारे १३० वर्षांच्या बरोबरीची. आता दुपटीऐवजी तिप्पट धरून पाहा. सव्वापाचाचे चौदा होतात, आणि १३० ची ३५० वर्षं. रंगद्रव्यांच्या बाबतीत हा गुणक दोनपेक्षा बराच जास्त असू शकतो. शिवाय सरासरीने इथे फसगत होते. ३८ अंशांतला एक महिना १८ अंशांतल्या चार महिन्यांएवढा असतो. त्यामुळे खरं नुकसान उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांतच होतं. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तर विचारायलाच नको.

फ्रीजमधून काढलेलं पाकीट लगेच फोडायचं नाही, काही तास तसंच बाहेर ठेवायचं, हेही यातच आलं. थंड तांब्यावर बाहेरून पाणी जमतं तसं ते कागदावर जमेल.

थंडीने न थांबणारं फॉगचं एक कारण मात्र आहे, ते म्हणजे किरणोत्सार. याची एक विलक्षण हकीकत आहे. १९४५ च्या उत्तरार्धात कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर काळे ठिपके आढळू लागले. ज्युलियन वेब या कोडॅकमधल्या भौतिकशास्त्रज्ञाने माग काढला तेव्हा दोष फिल्ममध्ये नव्हता. तो निघाला वेष्टनाच्या गवती पुठ्ठ्यात. पुठ्ठा इंडियाना राज्यात व्हिन्सेन्स इथे वाबाश नदीच्या पाण्यावर बनला होता, आणि त्यात सिरियम-१४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य होतं. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली होती. तिची धूळ दीड हजार किलोमीटरहून लांब येऊन पडली होती! वेब यांनी हे १९४९ साली प्रसिद्ध केलं. पुढे नेवाडातल्या चाचण्यांच्या वेळी अणुऊर्जा आयोग फोटो-उद्योगाला आगाऊ सूचना देऊ लागला. ती सामान्य नागरिकांना मिळत नव्हती, हे बोचल्याशिवाय राहत नाही. आपल्या पाकिटापुरतं बोलायचं तर विश्वकिरण आणि परिसरातला नैसर्गिक किरणोत्सार यांचा त्रास अतिसंवेदनक्षम फिल्मना जास्त होतो, कागदाला कमी. कागदाचा खरा शत्रू उष्णताच.

मग सापडलेल्या पाकिटाचं करायचं काय? आधी चाचणी. पूर्ण अंधारात एका तावाच्या दोन पट्ट्या कापा. एक पट्टी सरळ हायपोत टाका. दुसरी आधी कृष्णधवल कागदाच्या साध्या डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं आणि मग हायपोत. दोन्हींना उजेड लागू द्यायचा नाही. धुऊन शेजारी शेजारी ठेवा. दुसरी पट्टी पहिलीपेक्षा जेवढी काळपट, तेवढा फॉग. फरक थोडा असेल तर डेव्हलपरमध्ये बेन्झोट्रायझोल किंवा पोटॅशियम ब्रोमाइडची मात्रा वाढवून तो आणखी दाबता येतो. कागद थोडा मंद होईल, पण असा रंगीत कागद कृष्णधवल छपाईला बरा चालतो. चित्र जरा तपकिरी आणि मवाळ येतं. रंगीत डेव्हलपरच्या वाटेला शाळेत न गेलेलंच बरं. त्यातली रसायनं त्वचेला त्रास देतात आणि एकदा अंगावर उठलं की पुढे थोड्या संपर्कानेही उठतं.

फरक फार असेल, म्हणजे दुसरी पट्टी काळी ठिक्कर निघाली, तरी कागद टाकू नका. फॉग दिसतो तो डेव्हलपरमुळे. डेव्हलपर वापरलाच नाही तर तो नसल्यासारखाच. विल्यम फॉक्स टॅल्बट यांनी १८३४ पासून केलेले प्रयोग नेमके असेच, डेव्हलपरशिवायचे होते. कागदावर पान किंवा नक्षीदार कापड ठेवा, वर काच दाबा आणि अर्धा-एक तास उन्हात ठेवा. उन्हातल्या प्रचंड उजेडाने क्षारातून डोळ्यांना दिसण्याइतकी चांदी सुटते. पानाखालचा भाग फिका राहतो, बाकीचा जांभळट, विटकरी किंवा निळसर होतो. कागदागणिक छटा वेगळी. हायपोत टाकल्यावर चित्र बरंच फिकं होतं, पण टिकतं. या कामी पंचवीस वर्षांचा कागद नव्याइतकाच चांगला. डार्करूमसाठी कापलेले रंगीत कागदाचे ताव आता विकत मिळणं अवघड झालं आहे, त्यामुळे एका तावाच्या आठ पट्ट्या करून सगळ्या वर्गाला पुरवलेल्या बऱ्या.

वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. एका प्लास्टिकच्या डब्यात तो साठवून त्यात भांडी घासायच्या पोलादी तारेचा गोळा टाकून ठेवा. काही दिवसांत तार झिजते आणि तळाशी काळा गाळ जमतो. लोखंड विरघळून चांदी बाहेर पडते, ही आठवी-नववीतली विस्थापन अभिक्रिया. तो काळा गाळ म्हणजे पाकिटातली चांदी.